पुस्तक घेण्याआधी मधलं एक पान उघडा

जून-जुलैमध्ये प्रवेश पार पडले की नांदेड-लातूरकडच्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो. वेबसाइट बनवायला शिकायचंय, डेटाबेस शिकायचाय, सुरुवातीला कोणतं पुस्तक घेऊ? विचारणाऱ्यांत बीसीएची मुलं असतात, बीएस्सी संगणकशास्त्राची असतात, पॉलिटेक्निकची असतात. एमएस-सीआयटी झालं, आता पुढे काय, असं म्हणणारेही असतात. मग कुणाला सीनियरनं वापरलेलं पुस्तक मिळतं, कुणी झेरॉक्स सेंटरवरून नोट्स उचलतं, कुणी पुण्याला जाणाऱ्या मित्राला अप्पा बळवंत चौकातून ‘एखादं चांगलं जाडजूड’ आणायला सांगतं. हजार-हजार रुपये घालून आणलेलं ते पुस्तक दिवाळीपर्यंत कपाटात जातं. मुलगा म्हणतो, आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही.

बऱ्याचदा खोट त्या पुस्तकात असते, मुलात नसते. म्हणून हे सगळं जरा सविस्तर सांगायचं आहे.

पुस्तक हातात घेतलं की आपण मुखपृष्ठ बघतो, पानं किती ते बघतो, पहिला धडा चाळतो. पहिल्या धड्यावरून काही कळत नाही. इंटरनेट म्हणजे काय, ब्राउझर म्हणजे काय, हे सगळेच लेखक बरं लिहितात. त्याऐवजी पुस्तकाच्या मध्यावर जा आणि एक विशिष्ट पान शोधा. वेबपानावरच्या फॉर्ममध्ये कुणीतरी नाव, गाव, फोन नंबर भरतो आणि ती माहिती पहिल्यांदा डेटाबेसच्या टेबलात जाऊन बसते, ते हे पान. सापडलं की दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटं नीट वाचा. वेबचा भाग, सर्व्हरवर चालणारी भाषा, डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल, आणि सुरक्षितता या चारही गोष्टी तिथे एकत्र येतात. लेखकाला विषय किती कळतो, पुस्तक किती जुनं आहे आणि शिकवण्याची त्याला किती कळकळ आहे, हे तिथे लपत नाही.

पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत आणि छोट्या कामांत अजूनही तीच जास्त दिसते. पीएचपीमधून मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलायची एक जुनी पद्धत होती. तिच्यातल्या फंक्शनांची नावं ‘मायएसक्यूएल’ आणि लगेच अंडरस्कोर अशी सुरू होत. जून २०१३ मध्ये पीएचपी ५.५ आलं तेव्हा ही फंक्शनं वापरू नका असं जाहीर झालं. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. २०२० च्या नोव्हेंबरात पीएचपी ८ आलं. पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं एक्झँप तुम्ही आज उतरवून घेतलं तर त्यात पीएचपी ८ असतं. पण रद्दीवाल्याकडे, सीनियरच्या खोलीत आणि ग्रंथालयाच्या कपाटात त्या जुन्या फंक्शनांची पुस्तकं अजून भरपूर आहेत. मुखेडचा किंवा निलंग्याचा एखादा मुलगा ते पुस्तक घेऊन बसतो, पानावर आहे तसं अक्षर न् अक्षर टाइप करतो, आणि पडद्यावर येतं की असं फंक्शनच नाही. तो पुन्हा तपासतो, पुन्हा टाइप करतो. छापलेलं चुकीचं असेल असं त्याच्या मनातही येत नाही, कारण छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायला आपणच त्याला शिकवलेलं असतं. तो स्वतःवर शंका घेतो. हे नुकसान पुस्तकाच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

म्हणून त्या पानावर पहिली तपासणी ही करा. ‘मायएसक्यूएल’ आणि अंडरस्कोर यांच्यामध्ये ‘आय’ हे अक्षर आहे का, किंवा ‘पीडीओ’ हा शब्द आहे का? यांपैकी एक असेल तर पुस्तक आजच्या यंत्रावर चालण्याजोगं आहे. दोन्ही नसतील तर ते परत ठेवा, मग ते कितीही स्वस्तात मिळत असो.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. फॉर्ममध्ये भरलेलं नाव एसक्यूएलच्या वाक्यात कसं घातलंय ते बघा. वाक्याचा एक तुकडा, मग वापरणाऱ्यानं भरलेला मजकूर, मग दुसरा तुकडा, असे तिन्ही जोडून वाक्य केलं असेल तर सावध व्हा. असं वाक्य लॉगिनच्या फॉर्ममागे असेल तर कुणीतरी नावाच्या चौकटीत नावाऐवजी एक अवतरणचिन्ह आणि ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाचा एसक्यूएलचा तुकडा भरतो. जोडाजोडीनं तयार झालेलं वाक्य डेटाबेस आज्ञा म्हणून वाचतो. एक बरोबर एक हे नेहमीच खरं, म्हणून पासवर्ड माहीत नसतानाही दार उघडतं. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून ही युक्ती जाहीरपणे माहीत आहे आणि तिच्यावरचा उपायही फार जुना, साधा आहे. वाक्यात भरायच्या मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं, वाक्य आधी डेटाबेसला द्यायचं आणि भरलेला मजकूर मागून वेगळा पाठवायचा. मग त्या मजकुरात काहीही असलं तरी डेटाबेस त्याला आज्ञा समजत नाही, नुसता मजकूर समजतो. या पद्धतीला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात.

काही लेखक म्हणतात, नवख्याला आधी सोपी पद्धत दाखवू, सुरक्षिततेचं शेवटच्या धड्यात बघू. मला हे अजिबात मान्य नाही. शेवटच्या धड्यापर्यंत फार थोडे पोचतात आणि हाताला लागलेलं वळण पहिल्याच महिन्यातलं असतं. शिवाय ही गोष्ट दूरच्या बँकांपुरती नाही. आज लातुरात क्लासेस आहेत, मुलींची वसतिगृहं आहेत, अभ्यासिका आहेत, आणि त्यांची छोटी छोटी सॉफ्टवेअर आपलीच नुकती पास झालेली मुलं बनवून देतात. त्यांच्या टेबलांत बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलींची नावं, फोन नंबर आणि राहण्याचे पत्ते असतात. ते कुणाच्याही हाती पडू नयेत ही जबाबदारी वाक्य लिहिणाऱ्याची आहे. प्रश्नचिन्हाची पद्धत पहिल्याच दिवशी शिकवणारं पुस्तक घ्या. तिला वेळही जास्त लागत नाही.

आता दहा-वीस पानं पुढे जा, लॉगिनचा धडा येईल. तिथे पासवर्ड आहे तसा टेबलात साठवला असेल, किंवा ‘एमडी फाइव्ह’ नावाच्या प्रक्रियेतून काढून साठवला असेल, तरीही पुस्तक ठेवून द्या. पीएचपीत २०१३ पासून ‘पासवर्ड अंडरस्कोर हॅश’ हे तयार फंक्शन आहे. चांगला लेखक तेच वापरतो आणि का वापरायचं तेही दोन ओळींत सांगतो.

शेवटची पानंही बघायची आहेत. अनुक्रमणिका पुढे असतेच, पण मागे शब्दसूची आहे का? नवख्याला पुस्तक सरळ वाचायला जेवढं लागतं तेवढंच ते अडल्यावर शोधायला लागतं. सूचीत जॉइन, फॉरेन की, प्रिपेअर्ड, यूटीएफ-८ आणि बॅकअप हे शब्द सापडतात का ते पाहा. पाचही सापडले तर लेखकानं खरं काम केलेलं आहे.

छपाईचीही एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. घाईत काढलेल्या स्वस्त पुस्तकांत प्रोग्रॅममधली अवतरणचिन्हं वळणदार छापलेली असतात, उघडताना एकीकडे आणि मिटताना दुसरीकडे वळलेली. संगणकाला सरळ चिन्ह लागतं. छापलेला कोड इतका निष्काळजीपणे घेतला असेल, तर छापण्यापूर्वी तो कुणी चालवून पाहिला होता की नाही, याचीच शंका घ्यावी. शिवाय अशा पुस्तकाची पीडीएफ घेऊन त्यातून कोड उचलून चिकटवला की तो चालतच नाही. चांगल्या पुस्तकात प्रोग्रॅमचा मजकूर वेगळ्या, समान रुंदीच्या अक्षरांत असतो आणि पूर्ण कोड उतरवून घ्यायचा पत्ता दिलेला असतो.

हे वेबच्या पुस्तकांचं झालं. एसक्यूएलचं पुस्तक मात्र जुनं असलं तरी बिनधास्त घ्या. एडगर कॉड यांनी टेबलांच्या रूपात माहिती ठेवण्याची कल्पना १९७० मध्ये मांडली. आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठीची भाषा १९७४ मध्ये पुढे आणली आणि १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण ठरली. तेव्हापासून सिलेक्ट, व्हेअर, जॉइन, ग्रुप बाय यांचा गाभा बदललेला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या एसक्यूएलच्या पुस्तकातली बहुतेक उदाहरणं आजही चालतात. नवी भर पडली आहे, उदाहरणार्थ विंडो फंक्शनं मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० या आवृत्तीत आली, पण ती नंतर शिकता येते. पैसे मोजकेच असतील तर एसक्यूएलचं पुस्तक जुन्या बाजारातून घ्या आणि वाचलेले पैसे वेबच्या नव्या आवृत्तीवर घाला. बहुतेक मुलं नेमकं याच्या उलट करतात.

आता इंग्रजीबद्दल, कारण खरी भीती तिथे असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून ही पुस्तकं आपली नाहीत. पण चांगल्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकातलं इंग्रजी कादंबरीसारखं नसतं. तेच दीड-दोनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी ‘लेट अस सी’ लिहिलं ते साध्या, छोट्या वाक्यांत, आणि देशभरातल्या मुलांनी त्यावर सी भाषा शिकून घेतली. दुकानात पुस्तकाची दोन पानं मनात वाचा. चार-सहा शब्द अडले तरी वाक्याचा अर्थ लागत असेल तर पुस्तक तुमचं आहे. प्रत्येक ओळीला अडत असाल तर दुसरं बघा, सोप्या भाषेतली पुस्तकं आहेत. सोबत मराठीचा आधार हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे दृक्‌श्राव्य धडे मोफत मिळतात. त्यांतले कितीतरी मराठीत आहेत आणि पीएचपी-मायएसक्यूएल हा त्यांच्या विषयांपैकी एक आहे. आणि वहीत लिहाल ते मराठीतच लिहा. ‘हे फंक्शन काय करतं’ याचं उत्तर स्वतःच्या भाषेत लिहिता आलं की ते समजलं असं धरा.

नावं सांगा असा आग्रह असतो, म्हणून माझ्या मतासकट सांगतो. जॉन डकेट यांचं ‘एचटीएमएल अँड सीएसएस’ २०११ चं आहे. त्यातली चित्रमय मांडणी नवख्याला फार सोपी जाते आणि इंग्रजी अगदी थोडं आहे. मात्र पानाची रचना करण्याची त्यातली पद्धत जुनी आहे. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या आजच्या पद्धती त्यात नाहीत, त्या एमडीएन या मोफत संकेतस्थळावरून शिका. त्याच लेखकाचं ‘पीएचपी अँड मायएसक्यूएल’ २०२२ मध्ये आलं. ते पीएचपी ८ धरून लिहिलेलं आहे आणि आपण वर पाहिलेल्या तपासण्यांत उतरतं. सुरुवातीसाठी आज मी याचंच नाव आधी घेईन. रॉबिन निक्सन यांचं ‘लर्निंग पीएचपी, मायएसक्यूएल अँड जावास्क्रिप्ट’ खूप खपलं, पण त्याची पहिली आवृत्ती २००९ ची आणि तिच्यात ती जुनी, काढून टाकलेली फंक्शनं आहेत. पुस्तकाचं नाव तेच, मुखपृष्ठ जवळपास तसंच, म्हणून फसगत होते. २०२१ ची सहावी किंवा तिच्यानंतरची आवृत्ती असेल तरच घ्या. फक्त एसक्यूएल पक्कं करायचं असेल तर ॲलन ब्यूलू यांचं ‘लर्निंग एसक्यूएल’ नेमकं आणि आटोपशीर आहे. तिसरी आवृत्ती २०२० ची आहे, पण त्याआधीची दुसरी मिळाली तरी चालेल. ओरायली या प्रकाशनाच्या पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या मुंबईचे श्रॉफ पब्लिशर्स काढतात आणि त्या मूळ परदेशी प्रतीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात, हेही लक्षात ठेवा. जावास्क्रिप्टसाठी मारेन हावरबेके यांचं ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ लेखकानं स्वतःच मोफत वाचायला ठेवलंय. ते अगदी पहिलं म्हणून जड जाईल, दुसरं म्हणून उत्तम आहे.

सिल्बरशात्स, कोर्थ आणि सुदर्शन यांचं ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ पदवीच्या अभ्यासक्रमांतून अनेक ठिकाणी लावलेलं असतं. यातले एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. पुस्तक थोर आहे, पण ते पहिलं पुस्तक नाही. परीक्षेचं पुस्तक आणि हातानं शिकायचं पुस्तक वेगळं ठेवा. सहा महिने स्वतः टेबलं बनवून झाल्यावर त्या ग्रंथातलं नॉर्मलायझेशनचं प्रकरण वाचलं की ते अवघड वाटत नाही.

पायथन घ्यायचं की पीएचपी की नोड, यावर होस्टेलच्या खोल्यांत रात्री जातात. नवख्यानं या वादात पडू नये. आपल्या भागाचा विचार करून मी एवढंच म्हणेन की, जे एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालतं ते आधी शिका. गावाकडे लाइट जाते, नेटवर्क जातं, मोबाइलचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो. एक्झँप एकदा बसवलं की पीएचपी आणि डेटाबेस दोन्ही यंत्रावरच चालतात. पायथनसोबत एसक्यूलाइट आधीच येतं, त्याला वेगळा सर्व्हर बसवावाही लागत नाही. नोडच्या वाटेनं गेलात तर प्रत्येक नव्या प्रोजेक्टला शेकडो छोट्या फाइली नेटवरून खाली येतात. भाषा कोणतीही घेतलीत तरी त्या मधल्या पानाची तपासणी तीच राहते.

एक्झँप उघडल्यावर पुस्तकात ‘मायएसक्यूएल’ लिहिलेलं असतं आणि पडद्यावर ‘मारियाडीबी’ दिसतं. घाबरून पुन्हा पुन्हा बसवत बसू नका. मायएसक्यूएल ज्यांनी उभं केलं त्या माँटी विडेनियस यांनीच २००९ मध्ये त्याची स्वतंत्र शाखा काढली, ती मारियाडीबी. एका मुलीचं नाव माय, म्हणून मायएसक्यूएल, आणि धाकटीचं मारिया, म्हणून मारियाडीबी. एक्झँपनं २०१५ पासून मारियाडीबी द्यायला सुरुवात केली. नवख्याच्या पुस्तकातली जवळजवळ सगळी उदाहरणं दोन्हींवर सारखीच चालतात.

यापुढची गोष्ट परदेशी पुस्तकांत सहसा सापडणार नाही, पण आपल्याला ती पहिल्याच आठवड्यात लागते. आपली माहिती मराठीत असते. टेबल बनवल्यावर त्यात पहिला शब्द ‘लातूर’ भरा आणि परत काढून बघा. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग आली तर टेबलाची किंवा जोडणीची अक्षरसंहिता चुकली आहे. जुन्या मायएसक्यूएलमध्ये मुळात लॅटिन-१ ही संहिता ठरलेली असे, तिच्यात देवनागरी बसतच नाही. ८.० पासून ‘यूटीएफ-८ एमबी-४’ ही संहिता आपोआप येते, तीच सगळीकडे ठेवा. जुनी तीन बाइटांची ‘यूटीएफ-८’ ठेवली तर मराठी दिसेल, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला बरोबर तीन बाइट लागतात. पण मेसेजमधल्या इमोजीला चार लागतात आणि तिथे गाडी अडते.

आता ‘लातूर’ या शब्दाची लांबी मोजा. आपण तोंडानं ला, तू, र अशी तीन अक्षरं मोजतो. जावास्क्रिप्ट ५ सांगते, कारण काना आणि ऊकार ती वेगळे धरते. पीएचपीचं साधं लांबीचं फंक्शन १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं, आणि त्याचं ‘एमबी’नं सुरू होणारं भावंड ५ सांगतं. फॉर्ममध्ये नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली आणि अहमदपूरच्या विद्यार्थ्याचं नाव मधेच कापलं गेलं, तर कारण इथे शोधायचं. पुस्तकाच्या सूचीत यूटीएफ-८ हा शब्द शोधा असं मी वर म्हटलं ते याचसाठी.

पुस्तकातली उदाहरणं परदेशी असतात. ब्यूलूंच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीतला नमुना डेटाबेस सिनेमे भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा आहे, असं दुकान आपल्या मुलांनी पाहिलेलंही नसतं. म्हणून प्रत्येक धडा झाला की तोच आपल्या ओळखीच्या कामावर करून बघा. अभ्यासिका घ्या. विद्यार्थी, जागा आणि पावत्या अशी तीन टेबलं. सुरुवातीला वाटेल, एकाच टेबलात सगळं भरू. मग त्या मुलानं फोन नंबर बदलला की त्याच्या अकरा पावत्यांवर अकरा ठिकाणी बदलावा लागेल आणि एखाद्या ठिकाणी जुनाच राहून जाईल. नंबर विद्यार्थ्याच्या टेबलात एकदाच ठेवायचा आणि पावतीवर फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. फॉरेन की म्हणतात ती हीच, आणि नॉर्मलायझेशनची सुरुवातही इथेच होते. ज्यांच्या घरी आडतीचा व्यवहार आहे त्यांनी शेतकरी, माल आणि पट्टी ही टेबलं करून बघावीत. सोयाबीनच्या एका हंगामाचा हिशोब बरोबर आला की टेबलं जोडणारं जॉइन कायमचं लक्षात राहील.

असं स्वतः केलेलं एखादं छोटं काम शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून द्या. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते चार-पाच हजार देऊन घेतलेलं काम मुलाखतीत ‘हे टेबल का केलं’ या एका प्रश्नाला उभं राहत नाही. आपलं तीन टेबलांचं साधं काम राहतं.

लातूर पॅटर्ननं आपल्याला सरावाची सवय दिली.   पुन्हा पुन्हा सोडवण्याची ती सवय इथे फार मोलाची आहे, तिला पाठांतराची जोड तेवढी देऊ नका. धड्यातला कोड एकदा बघून टाइप करा, दुसऱ्यांदा पुस्तक मिटून. तिसऱ्यांदा त्यात मुद्दाम एक चूक करा आणि कोणता संदेश येतो ते वाचा. चुकांचे संदेश ओळखता येणाऱ्या मुलाला नोकरीत कुणी अडवत नाही.

यूट्यूब आहे, चॅटजीपीटी आहे, मग पुस्तक कशाला, असंही विचारतात. दोन्ही वापरा. पण व्हिडिओ २०१४ चा आहे की काल-परवाचा, आणि मिळालेला कोड जोडाजोडीचा आहे की प्रश्नचिन्हाचा, हे ओळखायला आधी तुमची नजर तयार व्हावी लागते. ती एका पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमानं गेल्यावर तयार होते. फुकट उतरवलेल्या साठ पीडीएफांनी ती होत नाही. पहिलं संपल्याशिवाय दुसरं उघडूच नका.

पालकांना एक विनंती आहे. ‘फुल स्टॅक’चा क्लास, पुण्यात राहणं, हजारो रुपयांची फी, नोकरीची हमी, असं कुणी समोर ठेवलं तर लगेच कर्ज काढू नका. मुलाला किंवा मुलीला आधी एक पुस्तक घेऊन द्या आणि दोन महिने घरच्या किंवा कॉलेजच्या संगणकावर बसू द्या. दोन महिन्यांत त्यांनी एक छोटं चालतं काम दाखवलं, तर पुढच्या क्लासचे पैसे सार्थकी लागतील. काहीच झालं नाही, तर क्लासनंही होणार नव्हतं. आणि मुलीला संगणकावर रात्री बसू देण्यात जी टाळाटाळ होते ती कृपा करून थांबवा. लॅब पाचला बंद होते. तिला घरीच बसावं लागणार आहे.

ग्रंथपालांना आणि संगणक विभागातल्या सरांना, मॅडमना हात जोडून सांगणं आहे. आपल्या कपाटातली वेबची पुस्तकं एका दुपारी तपासा. २०१५ पूर्वीच्या ज्या पीएचपी पुस्तकांत ती जुनी फंक्शनं आहेत त्यांवर एक चिठ्ठी लावा, ‘यातला डेटाबेसचा कोड आता चालत नाही.’ पुस्तक रद्दीत टाकायची गरज नाही, एवढी चिठ्ठी पुरे. तिच्यामुळे एखादं पोर स्वतःला नालायक समजण्यापासून वाचेल. पुढच्या खरेदीत एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेण्याऐवजी नव्या आवृत्तीच्या तीन घ्या आणि त्यातली एक घरी न देता टेबलावरच ठेवा.

इथून शिकून पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला गेलेल्यांनी दरवर्षी एक नवं पुस्तक आपल्या जुन्या कॉलेजला पाठवावं. पार्सलवर विभागाचं नव्हे, ग्रंथालयाचं नाव घाला. विभागातलं कपाट बहुतेक वेळा कुलूपबंद असतं, आणि कंधार-औशाहून एसटीनं येणाऱ्या मुलीला पुस्तक कार्डावर घरी नेता यायला हवं.